सात दिवस चूलबंद, होडी एकच

“आण्णा, सगळ्या गावाला सात दिवस चूलबंद आमंत्रण दिलंय, मग होडी एकच कशी?”

हा प्रश्न खरं तर तेजस्विनीचा नव्हता. तो जास्मिनचा होता, आणि जास्मिनच्या मागे वर्गातल्या आणखी पाचजणी होत्या. शाळेच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी पैज लावली होती, की तेजी हे आपल्या बापाला तोंडावर विचारू शकत नाही. दहावीचे पेपर देऊन आल्यापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, असं तेजीला वाटू लागलं होतं. म्हणून आण्णांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तिनं विचारून टाकलं.

आण्णांनी, म्हणजे भगवंतरावांनी, बशी खाली ठेवली.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“कुणी न्हाई. मला आपलं वाटलं.”

“गेणभाऊ भेटला व्हता का?”

तेजी समजून चुकली. ज्याच्याकडे उत्तर असतं तो उत्तर देतो. आण्णा उलट चौकशी करत होते, याचा अर्थ गावाचा संशय खरा होता.

आण्णांचा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं हसून रामराम केला, तर ते त्या दिवशीचं दूध दोनदा मोजून घ्यायचे. धाकट्या भावानं ट्रॅक्टर मागितला, तर ‘कशाला’ असं विचारण्याआधी ‘कुणासाठी’ असं विचारायचे. घरात त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, आणि ती म्हणजे तेजीचं अक्षर. ते पाणीवापर संस्थेचे चेअरमन होते, पण संस्थेचे सगळे अर्ज तेजी लिहायची आणि आण्णा दुसरीकडे बघत सही ठोकायचे.

बेटाची कल्पना मात्र जावयाची. तेजीची थोरली बहीण वृषाली, तिचं मढच्या गोरखशी ठरलं होतं. गोरख मालदीवला एका हॉटेलात आचारी होता. तिथं जगभरातले लोक बेटावर येऊन सात-सात दिवस लग्न करतात, असं त्यानं सुपारी फुटली त्याच दिवशी सांगितलं, आणि आपलंही तसंच व्हावं म्हणाला. येडगाव धरणाच्या पाण्यात, गावापासून हाकेच्या अंतरावर एक टेकाड होतं. वरच्या धरणांतून पाणी आलं, की उन्हाळ्यातही त्याच्या चारी बाजूंनी पाणी असायचं. वर चार बाभळी आणि शेंदूर फासलेला म्हसोबा. गोरखनं ते पाहिलं आणि म्हणाला, हेच माझं बेट.

आण्णांना ही गोष्ट लगेच पटली, आणि ती इतक्या चटकन कशी पटली याचाच गावाला संशय आला. त्यातच मारुतीच्या पारावर, संस्थेचाच सभासद असलेल्या गेणभाऊनं सगळ्यांदेखत विचारलं, “मग भगवंता, आमाला जेवायला बोलावणार का बेटावरनं नुसता हात हलवणार?” तेव्हा आण्णांनी छाती पुढे काढून सांगितलं, की सातही दिवस गावाला चूलबंद आमंत्रण. म्हणजे घरातलं एकही माणूस मागे राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. गाव हरखलं. घरी गेल्यावर गावाच्या लक्षात आलं, की बेटावर जायला चिमाजीची एकच होडी आहे, तिच्यात आठ माणसं बसतात, आणि चिमाजी दुपारभर झोपतो.

शिवाय होडीत कोण बसणार याची यादी आण्णांच्या खिशात होती. तिच्यात व्याही होते, भावकी होती, साखर कारखान्याचे दोन डायरेक्टर होते. जास्मिन नव्हती. ज्या सहाजणींनी महिनाभर नाच बसवला होता त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

“तू एकटीच नाच म्हसोबापुढं,” जास्मिन म्हणाली. तिनं टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून तेजीच्या हातात दिली. अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात बसायचं म्हणून ती निघूनही गेली. त्या रात्री तेजी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी तिला अर्ज लिहायला बसवलं. वस्ती पाण्याकाठी असली तरी गावची निम्मी शेतं कालव्याखाली होती, आणि ऊस वाळत चालला होता. धरणातून कालव्याला पाणी कधी सोडायचं ते संस्थेनं पाटबंधारे खात्याला कळवायचं होतं. “लग्न पंधरा मेला. अठरापासून सोडा म्हणावं,” आण्णा म्हणाले, आणि मांडववाल्याशी भांडायला उठले. अर्ज लिहून झाला. आण्णांनी मांडववाल्याकडे बघत सही केली. अर्ज गेला.

तेजीनं कॅसेट जास्मिनला परत नेऊन दिली. “नाच बंद करू नका,” एवढंच म्हणाली.

“यादीत घातलं का आमाला?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काई न्हाई. सराव करा.”

जास्मिननं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. सगळ्या गावाचं एकमेकांकडे बघणं त्या महिन्यात तसंच झालं होतं.

नऊ मेच्या सोमवारी लग्न सुरू झालं. पहिले दोन दिवस एखाद्या चित्रासारखे गेले. गोरखनं नारळाच्या करवंट्यांत कोकम सरबत भरून त्यावर कागदाची इवली छत्री खोचली. मढचे म्हातारे ती छत्री जपून खिशात ठेवत होते. बाभळींना झिरमिळ्या बांधल्या होत्या आणि म्हसोबालाही हार होता. पलीकडच्या काठावर गाव उभं होतं. चिमाजी आठ माणसं आणायचा, यादी बघायचा आणि उरलेल्यांना उद्या या म्हणायचा.

बुधवारी सकाळी आण्णांनी नेहमीच्या संशयानं पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती, ती दुपारी कोरड्यात उभी दिसली. त्यांनी आधी चिमाजीला विचारलं, काठी कुणी हलवली. मग स्वयंपाक्याला विचारलं, पाणी किती उपसलं. शेवटी त्यांनी नवी काठी रोवली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी नवी काठीही कोरड्यात होती.

“गेणभाऊनं धरणाचं दरवाजं उघडायला लावलं,” ते म्हणाले. “मला पयल्यापास्नं वाटत व्हतं.”

तेजी त्या वेळी मासवड्यांचं ताट घेऊन चालली होती. ती थांबली नाही.

खरी अडचण गुरुवारी आली, आणि ती पाण्यातून आली नाही. नवरदेवाचे मामा सोमवारपासून शांतपणे जेवत होते आणि मोजत होते. पान खाऊन झाल्यावर त्यांनी आण्णांना बाजूला बसवलं.

“पावणं, राग मानू नका. तुमचं गाव कुठंय?”

“त्ये काय समोर.”

“समोर दिसतंय. मांडवात दिसत न्हाई. चार दिस झालं, मुलीला हळद लावायला गावची एक बाई न्हाई. गावानं वाळीत टाकलंय का तुमाला? का पोरीचं काई हाय?”

आयुष्यभर आण्णांनी दुसऱ्यांवर संशय घेतला होता. आपल्यावर कुणी घेतला तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“रविवारी मांडवात गाव दिसलं, तर अक्षता पडतील,” मामा म्हणाले. “न्हाई तर आमी आमचं पोरगं घेऊन होडीत बसतो.”

मांडवाच्या कनातीमागे वृषालीनं हे सगळं ऐकलं. तिच्या हाताला मेंदी होती, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. तेजीनं आपल्या ओढणीनं ते पुसले. ‘रडू नको, गाव येईल,’ असं तिनं सांगितलं, पण कसं येईल ते सांगितलं नाही.

आण्णांनी यादी फाडली. चिमाजीला झोपेतून उठवून म्हणाले, दिसेल त्याला घेऊन ये, म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, सगळं. चिमाजीनं होडी लोटली. अर्ध्या वाटेवर ती जागेवरच बसली. पाणी इतकं उतरलं होतं की होडीखाली नुसता गाळ होता. चिमाजी उतरला तो मांडीपर्यंत रुतला, म्हणून परत होडीत चढला आणि तिथंच आडवा झाला.

शुक्रवार गेला. शनिवार उजाडला. होडी चालायला पाणी कमी होतं आणि माणूस चालायला गाळ जास्त होता. बेटावर असलेले बेटावर आणि काठावरचे काठावर. मामा आपली पिशवी उशाशी घेऊन झोपत होते, म्हणजे केव्हाही निघायला तयार. आण्णा पहाटे काठी बघायला आले, तेव्हा तेजी आधीच तिथं उकिडवी बसलेली.

“तू हितं काय करतीस?”

“पाणी बघतीय.”

“चार दिस झालं, लई पाणी बघतीस तू.”

आण्णांच्या संशयाला तेजीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे वळताना पाहिलं. पण तेवढ्यात पलीकडच्या काठावर जास्मिन दिसली, आणि तेजी दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, “जास्मिन, गाव आण. उद्या गाव आलं न्हाई, तर ताईचं लगीन मोडतंय.”

जास्मिननं काय ऐकलं कोण जाणे. ती वळली आणि पळत सुटली.

रविवारी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढे गेणभाऊ, मागच्या ट्रॉलीत उसाचं पाचट. नाचाच्या सहाजणी पाचट उचलून गाळावर पसरत होत्या, आणि त्यावर पाय देत गाव येत होतं. धोतरं खोचलेली, लुगडी वर धरलेली, चपला हातात. जास्मिनच्या डोक्यावर टेपरेकॉर्डर होता. वाटेत त्यांनी होडीतल्या चिमाजीला जागं केलं आणि तोही चालत निघाला.

सगळ्यांत पुढे धोंडाबाई होत्या. त्यांनी लोखंडी चूल डोक्यावर घेतली होती.

“धोंडामावशी, अवं चूलबंद आमंत्रण हाय,” तेजीची आई म्हणाली.

“मग घरी बंदच हाय की. म्हनून तर हिला घिऊन आलीया. एवढ्या माणसांला तुमच्या दोन भट्ट्या पुरतील का?”

त्यांच्या मागे आणखी तेरा चुली होत्या. कुणी बाजरीचं पीठ, कुणी वांगी, कुणी गुळाची ढेप आणली होती. गोरखनं हे पाहिलं आणि मुंडावळ्या कानामागे सारून सरळ पिठात हात घातला. “चार वर्षं मी बेटावरची लग्नं बघितली,” तो वृषालीला म्हणाला, “पन कुणी चूल घेऊन आलेलं बघितलं न्हाई.” वृषाली गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

मामांनी उशाशी ठेवलेली पिशवी काढून मांडवाच्या खांबाला अडकवली.

पण आण्णांना राहवेना. ते गेणभाऊसमोर उभे राहिले. “खरं सांग. पाणी तू सोडायला लावलंस.”

गेणभाऊनं आण्णांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला. “मंडळी, मी ह्या माणसावर लई संशय घेतला. होडी एकच ठिवली म्हनून पारावर नावं ठिवली. आन ह्यानं काय केलं? घरच्या लग्नाचं बेट बुडत्यालं, न्हाई, उघडं पडत्यालं ठावं असून गावच्या उसासाठी पाणी सोडायला लावलं.” त्यानं बंडीच्या खिशातून संस्थेच्या अर्जाची प्रत काढली. “हे बघा. अकरा मे. खाली सही भगवंताची.”

आण्णांनी कागद हातात घेतला. सही त्यांचीच होती. वरचं अक्षर गोल, सुंदर, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. त्यांनी मान वर केली. मांडवाच्या त्या टोकाला तेजी करवंट्या मोजत होती. इतक्या मन लावून तिनं कधी गणितंही सोडवली नव्हती.

“पावणं,” मामा भारावून म्हणाले, “गाव असं उगंच येत न्हाई. आमचं चुकलं.”

“न्हाई, मंजी… तसंच ठरवलं व्हतं,” आण्णा म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

अक्षता पडल्या. नाच झाला, आणि गाळ लागलेल्या पायांनी झाला. जेवायला एक पंगत उठते तोच दुसरी बसत होती, आणि चिमाजी प्रत्येक पंगतीत दिसला.

वऱ्हाड गेल्यावर, मंगळवारी दुपारी, आण्णांनी तेजीला पुढ्यात बसवलं. आई गहू निवडत होती. आण्णांनी खिशातला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. मी अठरा म्हणालो होतो, एवढंच बोलले.

“हो,” तेजी म्हणाली. “पन ऊस अठरापर्यंत टिकला नसता. आन माझ्या मैत्रिणी तुमच्या यादीत नव्हत्या.”

“जावई हातचा गेला असता म्हंजे?”

“ते मला ठावं नव्हतं. तेवढं चुकलं माझं.”

शिक्षा काय द्यावी हे आण्णांना सुचत नसावं, कारण दोन दिवस गावात ज्या चुकीबद्दल त्यांना हार घातले जात होते ती हिनं केली होती. शेवटी नेहमीच्या वाटेनं ते बोलले, की निकाल लागला की आर्ट्सला नाव घालायचं, मग डी.एड., मग मास्तरीण, आणि आजपासून अर्ज लिहायचे बंद.

तेजीनं कागद उचलून नीट घडी केली.

“आण्णा, आई, मी ठरवलंय. मी सायन्स घेणार. पुढं इंजिनियर होऊन पाटबंधारे खात्यात जाणार, धरणावर.”

“धरणावर कशापायी?” आण्णांचे डोळे परत बारीक झाले.

“तुमी सही करताना अर्ज वाचत न्हाई ना,” तेजी म्हणाली. “मग तिकडं वाचायला घरचं कुणीतरी पायजे.”

आईनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. आण्णांनी चष्मा शोधला. मग घरातली सही केलेली सगळी कागदपत्रं मागवून ते एकेक वाचायला बसले.