दुसरा भोंगा

हेडक्लार्कसाहेबांनी भोंगेवाल्याला सहाव्यांदा टेबलासमोर उभं केलं.

"सांग परत."

"अकराला पहिला भोंगा. दोन मिनिटं सगळे गप्प. मग दुसरा भोंगा, सगळे मोकळे."

"आणि मधल्या दोन मिनिटांत?"

"कोणीही हलायचं नाही. मीसुद्धा नाही."

"शाब्बास! हललास तर नोटीस. डोळासुद्धा फिरवायचा नाही."

साहेबांचा जीव टांगणीला लागला होता, त्याला कारण होतं. गेल्या स्मृतिदिनी खाली चौकात सगळे माना खाली घालून उभे असताना हा पठ्ठ्या कचेरीच्या गच्चीवर कठड्याला पाठ घासत होता. नेमकं ते कॅप्टन आजोबांनी पाहिलं. लढाईवरून परतलेले गावात ते एकटेच उरलेले. त्यांनी तीन पानी तक्रार ठोकली आणि साहेबांची बढती वर्षभर फायलीत अडकली. यंदा पुन्हा काही झालं, तर ती कायमचीच गेली असती.

अकरा वाजले. भोंगा झाला. चौक चिडीचूप झाला. स्मृतिस्तंभासमोर पहिल्या रांगेत कॅप्टन. वय अठ्ठ्याऐंशी, खुर्ची नको म्हणून सांगितलेली.

साहेब मागच्या रांगेत कडेला होते; तिथून कॅप्टनचा चेहरा बाजूने दिसत होता. समोरच्या मनोऱ्यावर घड्याळ होतं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. साहेबांनी भुवया ताणून गच्चीकडे पाहिलं. भोंगेवाला खांबासारखा ताठ उभा होता, हात मांड्यांना चिकटलेले, नजर नाकासमोर. मनगटावरचं घड्याळ पाहायचं तर मान हलवावी लागणार होती. खाली कोणी हलेल, मग आपण हलू, अशी तो वाट पाहत होता. खालचे सगळे त्याच्या भोंग्याची वाट पाहत होते.

पाच मिनिटं झाली. नगराध्यक्षांच्या नाकावर माशी बसली, फिरली, पुन्हा बसली. बेकरीवाल्याच्या दुकानातून करपल्याचा वास येऊ लागला. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोही जागचा हलला नाही. साहेबांना ओरडावंसं वाटत होतं. पण 'शांतता मोडणाऱ्यावर कारवाई होईल' हे पत्रक त्यांच्याच सहीचं होतं.

आठव्या मिनिटाला त्यांना दिसलं, की कॅप्टनचे ओठ हलताहेत. तक्रार जुळवताहेत म्हातारबा! यंदा सहा पानी. साहेबांनी मनातल्या मनात बढतीवर पाणी सोडलं.

अकरा मिनिटं झाल्यावर कॅप्टननी मान वर केली.

"विश्राम!"

गच्चीवरचा माणूस दचकला आणि भोंगा वाजला. बेकरीवाला दुकानाकडे पळत सुटला. साहेब कॅप्टनपुढे हात जोडून उभे राहिले.

"चूक झाली, आजोबा. मी लेखी माफी..."

"माझ्या तुकडीतले बेचाळीस जण परत आले नाहीत," कॅप्टन म्हणाले. "एकेकाचं नाव घ्यायचं, तोंड आठवायचं. दरवर्षी आठव्या-नवव्यापाशी येतो, की तुमचा भोंगा बोंबलतो. मागचे तसेच राहतात. आज सगळे झाले."

साहेबांनी जोडलेले हात हळूच खाली घेतले.

एवढ्यात भोंगेवाला धापा टाकत आला.

"साहेब, मी पापणीसुद्धा हलवली नाही! आधी बोलले ते हे. नोटीस द्यायची तर यांना द्या."

"द्या, द्या," कॅप्टन म्हणाले, "पण पुढच्या वर्षी भोंग्यावर हाच माणूस पाहिजे."