परक्या बाईचा प्रयोग

बालमानसशास्त्र मला कळतं, हे मी अगदी नम्रपणे सांगते. ज्या आईला ते कळत नाही तिने मूल वाढवूच नये, असंही माझं कालपरवापर्यंत मत होतं!

मूल एकेक पायरी चढत शहाणं होतं, असं एक पंडित म्हणतात. दुसरे म्हणतात, पहिल्या वर्षात जगावर विश्वास बसला की पुढचं सोपं. मोठ्यांनी बोट धरलं तर मूल कुवतीपेक्षा पुढे जातं, असं आणखी कुणी. ही सगळी पुस्तकं माझ्या उशाशी असतात आणि माझी दीड वर्षाची वेदिका ती चाटते.

घोडं अडलं होतं सोमवारपाशी. माझी रजा संपत होती. वेदिकाला माझी आई सांभाळायची; पावसाळ्यात आई गेली. आता पाळणाघर. आई गेल्यावर कितीतरी दिवस वेदिका आजीच्या खोलीचं दार ढकलून आत डोकवायची. नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे मुलाला कळणं ही प्रगती, असं पुस्तक म्हणतं. ते पान मी मिटून ठेवलं.

मग मला एक प्रयोग सापडला. आई, मूल आणि एक परकी बाई खोलीत बसतात. परकी बाई गप्प राहते. आई हळूच बाहेर जाते. मूल किती रडतं आणि आई परत आल्यावर किती लवकर सावरतं, यावरून सगळं कळतं. वेदिका पास झाली तर पाळणाघर, नापास झाली तर मी राजीनामा देणार. ठरलं!

अडचण एकच. नाशकात परकी बाई मिळेना! दूधवाला तिचा मामा, वॉचमन आजोबा, भाजीवाली तर सख्खी आत्या. शेवटी ऑफिसातल्या स्नेहाने सिन्नरहून आलेली आपली आत्या, सुमनबाई, धाडून दिली.

"बोलायचं नाही," मी बजावलं. "कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची."

"जेवलीस का, एवढंही विचारू नको लेकराला?"

"नाही."

"अगं बाई! मयताला गेल्यावरसुद्धा माणूस एवढं विचारतं!"

मी बाहेर सटकले आणि दार लोटून फटीला डोळा लावला. आत शांतता. एवढ्यात समोरच्या छायाकाकू जिन्यात आल्या. दाराला कपाळ टेकून उभी असलेली मी त्यांना दिसले.

"काय झालं गं?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि आत हात केला. काकूंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या. सतरंजीवर एक अनोळखी म्हातारी मान खाली घालून गप्प बसलेली!

"अचानकच?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

सुमनबाईंनी मान हलवली.

"किशोररावांकडचं कुणी?"

मान पुन्हा हलली. बाईंना मी तेवढंच तर शिकवलं होतं!

काकू डोळे पुसत सुमनबाईंच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळात दुसऱ्या मजल्यावरच्या तिघी आल्या, चौथ्यावरच्या दोघी आल्या. मला थोपटून एकेक जण आत जात होती. मी बोलू कशी? माझा आवाज वेदिकाने ऐकला की प्रयोग बाद! आणि वेदिका? रडणं सोडाच, ती या मांडीवरून त्या मांडीवर तीर्थयात्रा करत होती!

इकडे काकूंनी माझ्या नवऱ्याला फोन केला होता. "तुमच्याकडचं कुणीतरी गेलंय. लगेच या." किशोर द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. त्याने घाबरून नामपूरला आईला फोन लावला.

"मी जित्ती शे ना, भाऊ!" सासूबाई ओरडल्या. "तुले काय व्हयनं?"

मग त्याने लासलगावला माझ्या सोमनाथमामांना कळवलं. कोण गेलं ते माहीत नाही, पण निघा!

किशोर घामाघूम होऊन जिना चढला तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं. प्रयोग सांगितला. असा हशा उसळला की वेदिका पहिल्यांदा रडली! दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून काकूंनी पातेलंभर पिठलं-भात आणला होता. तो वाया कशाला? पंगत बसली. सुमनबाईंना बोलायची परवानगी मिळाल्यावर त्या थांबेचनात.

मामांना कळवायचं मात्र सगळेच विसरले. ते कांद्याचा लिलाव अर्ध्यावर टाकून आले. चप्पल काढली, कुणाकडे न बघता थेट माझ्याकडे आले आणि डोक्यावर हात ठेवला.

"रड, बाई. ताई गेली तेव्हाबी रडली नाहीस तू. मी बघत होतो."

मामा, कुणी गेलं नाही हो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मी रडले, भर पंगतीत, हातात पिठल्याचा घास घेऊन. वेदिका दुडूदुडू आली आणि तिने चोखलेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबलं.

थोड्या वेळाने मामांनी हळूच विचारलं, "पण गेलं कोन?"

"कुणी नाही. प्रयोग होता."

"प्रयोग?" मामा ताटावर बसले. "तिकडं माझा कांदा ट्रॅक्टरवर उभा हे! वाढा पिठलं!"

सोमवारी पाळणाघराच्या दारात वेदिका माझं बोट सोडून आत पळाली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही! पास, पहिल्या श्रेणीत! मी मात्र चौकट धरून उभी.

"ताई, आता व्हा बाजूला," तिथल्या चतुराबाई म्हणाल्या. "तुम्हाला बघून बाकीची पोरं रडायला लागतील. तुमच्यासारख्यांसाठी बाहेर बाक टाकलंय."

बाकावर आधीच दोन आया आणि एक बाबा बसले होते. बाबांनी सरकून जागा दिली आणि आपला रुमाल पुढे केला.

चिंब ओला होता!