पगारे काकांचा बोटभर जाडीचा पडदा

कुणाच्या घरातली वस्तू बंद पडली की पगारे काका समाचाराला येतात. हो, समाचारालाच. चपला बाहेर काढणार, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकणार, चहा नको म्हणणार आणि हळू आवाजात विचारणार, "शेवटी काही आवाज केला का हो त्यानं? वास आला होता?" आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी इतक्या आस्थेनं चौकशी केली की माझ्या सासूबाईंनी चक्क डोळ्यांना पदर लावला.

"गेला म्हणायचं नाही," काका बजावतात. "ट्रिप झालाय. कारण सापडलं की चालू." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं शिफ्ट केली त्यांनी. तिथली यंत्रं म्हणे उगाच बंद पडत नाहीत, स्वतःला वाचवायला बंद होतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून ड्युटीवरून उतरलेला नाही. खिशाला टेस्टर, मनगटावर घड्याळ, आणि आपण दोन मिनिटं उशिरा आलो तर कपाळाला आठी. मी शाळेत शिकवते, मला शिस्तीचं वावडं नाही. पण यांच्यापुढे मीसुद्धा उनाडच.

पगारे काकूंची गोष्ट निराळी. निफाडकडच्या बाई, आवाज खणखणीत. आमच्या नाशिकरोडच्या गल्लीत तीस वर्षं घराच्या पायरीवर बसून मेथी निवडता निवडता सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. "मीना, आज लय घाईत हाय गं?" हे ऐकल्याशिवाय माझी शाळेची बस कधी सुटली नाही.

त्या काकू उन्हाळ्यात मोरीत घसरून पडल्या. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. आतल्या खोलीत पलंग लागला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. एका कुशीवर दार दिसतं, दुसऱ्या कुशीवर भिंत. गणपती येईपर्यंत काकूंचं बोलणं आटलं. दाराकडे वळवलं तरी डोळे मिटलेले. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम औषध करतंय, पण बाईंनी मन काढून घेतलंय.

आणि नेमक्या त्याच दिवसांत काका माझ्या दारात. "मॅडम, तुमच्या लेकीचा लॅपटॉप ट्रिप झालाय ना? मला द्याल?"

तो जळलेलाच होता, दिला. पण मनात म्हटलं, धन्य आहे बाबा तुझी! बायको भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि हा भंगार उकलत बसणार. बसलेच. बाहेरच्या ओट्यावर पेपर पसरून, इडलीपात्राच्या एकेका खळग्यात एकेका जागचे स्क्रू ठेवत त्यांनी पडदा सोडवला. "याला वेगळा बोर्ड जोडला की हा झाला कॉम्प्युटरचा मॉनिटर," म्हणाले. आठवड्यानं बोर्ड आला. जोडला. पडदा पांढराफटक.

काकांचा चेहरा त्याहून पांढरा. "चूक माझी, मॅडम. मी लॅपटॉपचं नाव सांगून बोर्ड मागवला. पडद्याच्या पाठीवर त्याचा स्वतःचा नंबर असतो, तो बघायला हवा होता. सगळी नोकरी पोरांना हेच ओरडत आलो, आधी पाटी वाचा, मग हात लावा."

"अहो काका, तयार मॉनिटर मिळतो की दुकानात!"

"तो जाड असतो."

"मग असू दे ना जाड!"

"जागा चार बोटं आहे," एवढंच म्हणाले आणि पुन्हा मान खाली. कसली जागा, मी विचारलंही नाही. मला राग आला होता.

दुसरा बोर्ड आला. त्यापाठोपाठ काकांच्या फाटकावर कॅमेरा लागला, तोंड गल्लीकडे. मग काय, चार दिवसांत गल्ली पेटली. समोरच्या सोनवणे वहिनी तर कंबरेला पदर खोचूनच आल्या. "आमच्याकडं कोण येतं, कोण जातं, यांना काय करायचंय? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच बोला." म्हटलं, थांबा इथेच, आत्ता खडसावते. वहिनी फाटकासमोर उभ्या राहिल्या आणि मी तरातरा आत गेले.

काकूंचं तोंड भिंतीकडे होतं. आणि भिंत उजळली होती.

पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत तो पडदा उभा केला होता. काकू आडव्या, म्हणून त्यातलं चित्रही आडवं. मी मान वाकडी करून पाहिलं. आमची गल्ली! भाजीची हातगाडी, विहाराकडे निघालेल्या दोघी जणी, आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या सोनवणे वहिनी.

"ती बघ सोनवणीण," काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण होता. "भांडायला आली वाटतं."

काका हातात ताटली घेऊन उभे होते. "आज अर्धी भाकरी खाल्ली," त्यांनी मला कुजबुजून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पलंग फिरवून बघितला मॅडम, खोलीत बसत नाही. ती म्हणायची, अहो, मला भिंतीकडे नका वळवू. आणि वळवावं तर लागायचं. दर दोन तासांनी. माझ्याच हातानं."

ते उरलेली अर्धी भाकरी झाकायला वळले. माझी मान वर होईना.

"मीना," काकू म्हणाल्या, "परवा तू फाटकापर्यंत आली होतीस. हातात डबा होता. लय वेळ उभी राहिलीस आणि मागं फिरलीस."

खरं होतं. तीन आठवडे मी आत पाऊल टाकलं नव्हतं. काकूंना तसं पडलेलं बघवत नव्हतं, म्हणून काकांच्या चुका मोजत बसले होते. लाज वाटली, फार लाज वाटली.

"हो काकू. आले होते."

"मग?"

"भीती वाटली."

"मला बी वाटती," काकू म्हणाल्या. "म्हणून तर कुणीतरी यावं वाटतं." मग पडद्याकडे बोट केलं. "तिला किती वेळ उन्हात ठेवतीस? बोलाव जा."

मी बाहेर आले. वहिनींनी लगेच विचारलं, "काय म्हणाले? काढतात का कॅमेरा?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, चपला काढा. काकूंनी आत बोलावलंय."