तात्यारावांची कंबर

"डॉक्टर म्हणजे आपल्या घरचाच माणूस! पेन उघडायला जेवढा वेळ लागेल तेवढाच!" असं कांताबाईंना ठणकावून तात्याराव इस्त्रीचा सदरा चढवून निघाले.

गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते. मागांवर देखरेख करणारा माणूस आता घरावर देखरेख करू लागला होता आणि डाळ किती शिजली इथपासून पंखा का कुरकुरतो इथपर्यंत सगळ्याची तपासणी होऊन कांताबाई जेरीस आल्या होत्या. अशात पोलोग्राउंडच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेटवर बसायची नोकरी चालून आली! आधीचा चौकीदार पोहे-जलेबी खायला जो जाई, तो दुपारीच उगवे, म्हणून कारखान्याचे मालक शामजी शेठ यांनी त्याला काढलं होतं. सोमवारी फिटनेस सर्टिफिकेट आणायचं, एवढीच अट. सगळ्याच गिरण्यांची माणसं काम शोधत फिरत असताना ही नोकरी गेली असती, तर दुसरी कुठली मिळणार होती?

जुन्या इंदुरातला अप्पासाहेब डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एकच खोली. पडदा होता, पण तो खिडकीला. तपासणी सगळ्यांदेखत चाले आणि डॉक्टरांच्या आधी बाकावरची मंडळीच निदान करत.

"या तात्याराव! कंबर काय म्हणते?"

"एकदम फर्स्टक्लास! बस, एक फिटनेस सर्टिफिकेट द्या."

अप्पासाहेबांनी चष्मा काढला. "फिटनेस? तुम्हाला? अहो, इतकी वर्षं मी तुमची कंबर सांभाळतोय!"

गणपती असो, क्रिकेटची मॅच असो की मेहुण्याचं लग्न, गिरणीतून सुट्टी हवी असली की तात्यारावांची कंबर न चुकता धरायची. अप्पासाहेब लगेच आजारपणाचा दाखला द्यायचे. पण त्या भल्या माणसाला प्रत्येक कळ खरी वाटली होती! त्या कंबरेपायी त्यांनी जाडजूड पुस्तकं वाचली होती.

"लग्नाच्या आदल्या दिवशी येणारी आणि वरात परतली की जाणारी कळ! माझ्या प्रॅक्टिसमधली सगळ्यात अवघड केस! आणि तुम्हाला फिट म्हणून खोटं लिहून देऊ?"

खरं सांगून टाकावं, तर बाकावर भानुमतीबाई बसलेल्या. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट रात्रीपर्यंत सराफ्याच्या बाजारात पोचली असती.

"पूर्ण बरी झाली डॉक्टर! तुमच्याच हाताचा गुण!"

"मग वाका बघू."

तात्याराव वाकले.

"गुडघ्यात वाकले!" भानुमतीबाई ओरडल्या. "हे काय चालणार नाही हं, तात्याजी!"

तात्यारावांचं माथं भडकलं. "असं? मग हा बाकच उचलतो! बसा, बसा, उठू नका!"

बाकावर भानुमतीबाईंसकट चौघं होते. बाक वीतभर उचलला गेला आणि कट्ट असा आवाज झाला. तो बाकाचा नव्हता!

"इथंच ना? इथंच दुखतंय ना?" अप्पासाहेब आनंदानं धावले. "मी इतकी वर्षं काय सांगत होतो!"

मग त्यांनी जी सेवा केली, तिला तोड नाही. शेक दिला, पट्टा बांधला, आणि त्याच बाकावर निजवून तात्यारावांना घरी पोचवलं, स्वतः बाकाचा एक पाय धरून!

दारात कांताबाई म्हणाल्या, "सहीला एवढा वेळ?" सगळा प्रकार कळल्यावर मात्र त्यांचं धाबं दणाणलं. आता हे कायमचे घरात! "डॉक्टरसाहेब, काम नुसतं बसायचंच आहे हो. तेवढं तरी जमेल की नाही?"

खोटं न लिहिणाऱ्या अप्पासाहेबांनी खूप विचार केला आणि लिहिलं, 'बसण्यास पूर्ण समर्थ. उठण्यास असमर्थ.'

तात्यारावांनी कपाळावर हात मारला. तरी सोमवारी कांताबाईंनी त्यांना रिक्षात घालून नेलंच. शामजी शेठनं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर थाप मारली.

"वाह भिया! ऐसा ही आदमी तो ढूँढ रहा था मैं! आज से ही बैठ जाओ!"

तात्याराव बसले. समोरच पोह्यांची गाडी होती. ते नुसता वास घेत राहिले.

महिन्याभरात कंबर ठणठणीत झाली, पण हे सांगायचं कुणाला? आणि तेवढ्यात देवासला धाकट्या मेहुण्याचं लग्न निघालं! तात्याराव जुन्या सवयीनं कण्हत शेठपुढे गेले.

"शेठजी, दोन दिवस सुट्टी पाहिजे. कमर बहुत दुख रही है."

"मालूम है भिया," शामजी शेठ प्रेमानं म्हणाले, "उसी पे तो नौकरी दी है!"