कोऱ्या मण्यांवरची कडी

त्या सकाळी प्रयोगशाळेत सगळे खुशीत होते आणि चिसातो नुकागा मात्र तोंड चुकवत फिरत होती.

ओसाकाच्या एका औषध कंपनीने टोकियोला तिच्याकडे थेंबभर प्रथिन पाठवलं होतं. त्याला घट्ट धरून ठेवणारी पेप्टाइडची, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, कडी शोधायची, म्हणजे पुढे तिचं औषध करता येईल. "थेंबभरच आहे, तपासण्यात वाया घालवू नका," अशी कंपनीची ताकीद. चिसातोने ते बारीक चुंबकी मण्यांवर चढवलं, वर अब्जावधी निरनिराळ्या कड्यांचं मिश्रण ओतलं. न चिकटलेल्या धुऊन टाकल्या, उरलेल्यांच्या प्रती वाढवल्या, पुन्हा ओतल्या. असं करता करता एकच कडी उरली. कितीही धुवा, सोडायलाच तयार नाही!

प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचे गुरुजी कुरामोची सेन्सेई, यांना तेवढं पुरलं. त्यांनी लगेच ओसाकाला फोन लावला आणि कंपनीचे संचालक जातीने यायला निघाले.

आणि आज सकाळी, आपलं मनाच्या समाधानासाठी, चिसातोने तीच कडी कोऱ्या मण्यांवर ओतून पाहिली. प्रथिन नाही, काही नाही, नुसते मणी.

तितकीच घट्ट चिकटली.

म्हणजे कडीला प्रथिनाशी काही देणंघेणंच नव्हतं. तिचा जीव मण्यांवर जडला होता.

"सेन्सेई, जरा बोलायचं होतं."

"चालता चालता बोल. संचालकांना आणायला स्टेशनवर निघालोय."

"ती कडी चिकटते, पण—"

"चिकटतेच! तेच सांगायचंय त्यांना. हिराबायाशी पुढे येतायत, त्यांना चहा दे. आणि चेहरा असा सुतकी नको गं, पाहुणे यायचेत!"

हिराबायाशी म्हणजे प्रथिन पाठवणारा कंपनीचा माणूस. तो आला तो मिठाईचा भलामोठा खोका घेऊन. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

"अभिनंदन," तो पडेल आवाजात म्हणाला. "चांगली चिकटते म्हणे?"

"हो. चांगली."

"म्हणजे... खूप?"

"फारच."

त्याचा चेहरा आणखी उतरला. "थोडी कमी चिकटली असती तर बरं झालं असतं हो."

"असं का म्हणता?"

हिराबायाशीने दाराकडे पाहिलं आणि खोका तिच्यापुढे सरकवून कमरेत वाकला. "नुकागा-सान, माफ करा. डब्यांची अदलाबदल झाली. खरं प्रथिन आमच्याच फ्रिजमध्ये आहे. तुम्हाला गेलं ते नुसतं मिठाचं पाणी. कालच कळलं. मग ही तुमची कडी चिकटली तरी कशाला? या विचाराने झोप उडालीय माझी."

"मण्यांना," चिसातो म्हणाली.

"काय?"

"कोऱ्या मण्यांना चिकटते. मलाही आजच कळलं. ही तपासणी मी आधीच करायला हवी होती."

हिराबायाशी ताठ झाला. "म्हणजे तुमचंही चुकलंय?"

"अगदी सपशेल!"

"वा!" तो मनापासून म्हणाला आणि दोघांनाही हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही.

"मग संचालकांना तुम्ही सांगा," चिसातो म्हणाली. "पाणी तुमचं."

"पण आनंदाचा फोन तुमच्याकडून आला ना! त्यांनी कंपनीभर सांगितलंय हो."

तेवढ्यात दार उघडलं. पुढे फुललेले सेन्सेई, मागे पांढऱ्या केसांचे संचालक.

"हीच ती नुकागा!" सेन्सेई म्हणाले. "हिनेच शोधली."

"शाब्बास, पोरी!" संचालक म्हणाले. "घट्ट धरते ना आमच्या प्रथिनाला?"

चिसातोने हिराबायाशीकडे पाहिलं. ती कमरेत वाकली. तिला वाकलेली पाहून हिराबायाशी त्याहून खाली वाकला. एवढा नम्रपणा पाहून संचालक गहिवरले आणि तेही वाकले. संचालक वाकलेत म्हटल्यावर सेन्सेई कसे उभे राहणार?

चौघेही खाली. वर उठायला कोणी तयार नाही.

"आधी तुम्ही," हिराबायाशी जमिनीकडे बघत पुटपुटला.

"छे छे," चिसातो आणखी खाली वाकली. "आधी तुम्ही."