हे बरं की हे?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नजरेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, आणि स्वतःच्या डोळ्यांबद्दल माणसं किती थापा मारतात, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

त्यासाठी माझा एक खास डाव आहे. गिऱ्हाइकाला अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, एक काच लावायची, मग दुसरी लावायची आणि विचारायचं, "हे बरं की हे?" मध्येच कधीतरी तीच काच काढून तीच परत लावायची! "अहाहा, हे फारच बरं!" असं जो म्हणाला, तो सापडलाच म्हणून समजा. तिथून पुढे त्याचं एकही उत्तर मी तपासल्याशिवाय घेत नाही.

परवाच आमच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. पुस्तक हातभर लांब धरून मलाच सुनावतात, "मला चाळिशी वगैरे काही नको! हल्ली छपाईच भिकार करतात."

"बाई, छपाई उत्तम आहे," मी म्हणालो, "हात आखूड पडायला लागलेत तुमचे!"

आणि वर खो खो हसलो. बाईंनी चष्म्याची ऑर्डर दिली, पण राग सोबत घेऊन गेल्या. तर ते असो.

माझ्याकडे हातात धरून खेळायचा एक गेमिंग कन्सोल आहे. घरात सगळे त्याला 'डबा' म्हणतात. रात्री जेवणं झाली की मी त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळतो. माझ्या आयुष्यात वेग म्हणून काही आहे तो तेवढाच. पण गेले काही महिने डबा कुरकुर करत होता. अक्षरं फिसकटलेली, वळणं पुसट, आणि काळा रंग तर धुऊन विटलेल्या शर्टासारखा! अशात त्याच कंपनीने तोच डबा नव्या अवतारात आणला. स्क्रीन नवी, ओएलईडी. म्हणजे त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने चमकतो, आणि काळं दाखवायचं झालं की चक्क विझतो! माझ्या मेहुण्याने तो लगेच घेतलासुद्धा. त्याला पगार आहे आणि संसार नाही, त्यामुळे त्याचे निर्णय झटपट होतात.

मी जेवणाच्या टेबलावरच घोषणा केली. "जुना डबा दुकानात परत द्यायचा आणि बदल्यात नवा आणायचा. ठरलं!"

"नव्यात काय नवं आहे?" बायकोने विचारलं.

"स्क्रीन."

"आणि आतलं?"

"आतलं सगळं तेच."

"म्हणजे नवऱ्याला नवी फ्रेम घातली की नवरा नवा झाला, असंच ना?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. सासूबाई आमच्याकडेच राहतात. अतिशय शांत बाई. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

"डबा परत देणार?" त्या ओरडल्याच! "आणि माझं तळं?"

"कुठलं तळं, आई?"

मग सगळं बाहेर आलं. आम्ही नवरा-बायको दुकान सांभाळायला गेलो की दुपारभर सासूबाई माझ्या डब्यावर मासेमारीचा खेळ खेळत होत्या! मेहुण्याने शिकवलं होतं. त्यांचं स्वतःचं तळं होतं, होडी होती, आणि सोनेरी शेपटीचा एक मासा गेले कित्येक दिवस गळाला लागून लागून निसटत होता.

"तळं नव्या डब्यात हलवता येतं, आई."

"हलवताना मासे मेले म्हणजे?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "नाही हो जावईबापू, माझा हात या डब्यावर बसलाय. मला हाच हवा. आणि चांगली स्वच्छ दिसते की याची स्क्रीन!"

"आई, तुम्हाला त्यातलं कळत नाही. ती स्क्रीन खराब आहे. माझा धंदाच बघण्याचा आहे!"

बायको एकदम गोड हसली. ती गोड हसली की मला सावध व्हायला हवं, हे मला दर वेळी नंतर आठवतं.

"मग परीक्षाच घेऊ," ती म्हणाली. "दुकानात, तुमच्याच खुर्चीवर. नवी स्क्रीन कुठली ते न बघता... म्हणजे नुसतं स्क्रीनकडे बघून ओळखलंत, तर नवा डबा आणा. चुकलात तर जुना डबा आईचा, आणि नव्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल! तुझ्या भावालाही बोलव. त्याच्यासमोर ओळखतो!"

दुसऱ्या दिवशी मेहुणा आपला नवा डबा घेऊन हजर. सासूबाई जुना डबा छातीशी धरून आल्या, जणू लेकीला सासरी पाठवायचं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई चष्मा न्यायला आल्या!

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं. मेहुण्याने त्यांना सगळं सांगितलं. बाई तडक आतल्या खोलीत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "चालू द्या. मी निरीक्षक."

बायकोने फ्रेमच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला खिडकी कापली होती. डब्याची कड झाकलेली, फक्त स्क्रीन दिसणार. दोन्हींवर एकाच शर्यतीचं एकच चित्र. मी खुर्चीत बसलो, दिवा बंद झाला.

"डोळे मिटा. उघडा. हे एक."

"हॅ!" मी म्हणालो. "हा माझा जुना डबा. फिसकटलेला, विटलेला. पुढे!"

"मिटा. उघडा. हे दोन."

वा! काय ते चित्र! गाडीच्या आरशाची कडसुद्धा दिसत होती. मी खुर्चीत उभाच राहिलो. "हाच! हीच नवी स्क्रीन! बघा तो काळा रंग! याला म्हणतात काळा!"

"भावोजी, दोनमधलं चित्र जरा लहान नाही वाटत?" मेहुण्याने अंधारातून विचारलं.

"रेखीव असलं की आटोपशीरच दिसतं!" मी ठणकावलं. "शिकून घे."

"मिटा. उघडा. हे तीन."

"परत माझा जुना डबा दाखवतेस? अगं, मी डोळ्यांत धूळ फेकण्याचाच धंदा... म्हणजे तसं नव्हे, पण हा डाव माझाच आहे! तीन म्हणजे एकच. दोन म्हणजे नवा. लिहून घ्या!"

"नक्की?" बायकोने विचारलं.

"नक्की!"

"निरीक्षकांनी ऐकलंय," बाई म्हणाल्या.

दिवा लागला. बायकोच्या हातात, पुठ्ठ्यामागे, मेहुण्याचा नवाकोरा डबा होता. तीन नंबर! ज्याला मी हॅ म्हणालो होतो तो!

"आणि दोन?" माझा आवाज खोलीतल्या खोलीत हरवला.

"एक आणि दोन, दोन्ही तुमचाच जुना डबा," बायको म्हणाली. "तुमचाच डाव. फक्त दोनच्या वेळी मी पार भिंतीपर्यंत मागे सरकले होते. एक आणि तीन अगदी जवळून दाखवले."

जवळचं फिसकटलेलं, लांबचं लख्ख! याचा अर्थ मी दिवसातून कित्येकदा लोकांना समजावून सांगतो. तो आता माझ्याच खुर्चीत माझ्याच समोर उभा होता.

"गेले काही महिने डबा हात लांब करून धरताय," बायको म्हणाली. "मी म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी."

मुख्याध्यापिकाबाई सावकाश उठल्या. नवा चष्मा नाकावर चढवला आणि मला खालपासून वरपर्यंत नीट वाचून काढलं.

"छपाई उत्तम आहे हो," त्या म्हणाल्या. "हात आखूड पडायला लागलेत तुमचे!"

मेहुणा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्याच खुर्चीवर बायकोने माझा नंबर काढला. प्रत्येक काचेला "हे बरं की हे?" विचारताना तिला जो आनंद होत होता, तो लग्नातल्या फोटोतसुद्धा दिसत नाही. चाळिशी लागली! ती घालून मी दोन्ही डबे शेजारी शेजारी धरले, आणि खरं सांगतो, फरक होता! नव्या स्क्रीनमधला काळा खरोखरच विझलेला काळा होता. मी म्हणत होतो ते अगदी बरोबर होतं!

"बघा! मी बरोबर होतो!" मी ओरडलो.

पण तोवर सासूबाईंनी जुना डबा पिशवीत घातला होता आणि पिशवीची चेन लावली होती.

आता रोज रात्री जेवणं झाली की सासूबाई डबा घेऊन, माझ्याकडे पाठ करून खोलीच्या त्या टोकाच्या खुर्चीत बसतात आणि मी या टोकाच्या सोफ्यावर. परवा सोनेरी शेपटीचा मासा सापडला, तेव्हा त्याचा एकूणएक खवला मला दिसला. त्या अंतरावरून स्क्रीन अगदी लख्ख दिसते हो, चाळिशीसुद्धा लागत नाही!