पिक्चर तिथेच संपते

अकोल्याच्या बशीर मास्तरांचा बँड कुठलंही गाणं पूर्ण वाजवत नसे. वरात ऐन रंगात, नवरदेवाचा मामा एका पायावर, आणि मास्तर क्लॅरिनेट तोंडातून काढून शांतपणे पुसायला लागायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. ही खोड त्यांना कुणी लावली, हे मात्र मी इतकी वर्षं सांगायचं टाळलं. ती मी लावली.

मी तेव्हा कॉलेजात शिकवायचो आणि गावातली फिल्म सोसायटी चालवायचो. एकदा पुण्याहून दहा-एक मिनिटांचा जुना अमेरिकन लघुपट आला. धुराने भरलेली खोली, टोप्या घातलेले काळे वादक, पुढ्यात कागद नाही. एकाने सूर सोडायचा, दुसऱ्याने उचलायचा. जॅझ. ऐकणारं कोणी तरी जाणतं हवं, म्हणून मी मास्तरांना बोलावलं. ते धाकट्या भावाला, ड्रमवाल्या हमीदला, घेऊन आले. दोघं चपला काढून पहिल्या रांगेत बसले.

सॅक्सोफोनवाला पार वर चढला होता आणि नेमके प्रमुख पाहुणे पोचले. मी प्रोजेक्टर बंद केला. हारतुरे झाले, भाषण लांबलं, रीळ पुन्हा लावायचं राहूनच गेलं.

बाहेर मास्तरांनी विचारलं, "सर, त्या बाजेवाल्याचं पुढं काय झालं?"

खरं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "काही नाही. पिक्चर तिथेच संपते."

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "शेवटच नाई करत ते लोकं. क्या बात है."

त्या दिवसापासून बँडची रीत ठरली. हमीद कुरकुरायचा, "भाई, पुरं कर ना गाणं. लोकं भांडून राहिले."

"त्यायले अमेरिका मालूम नाई."

मोर्शीच्या एका वरबापाने भर रस्त्यात अडवलं, "काहून थांबले मास्तर, हवा संपली काय?"

"हवा हाये. पिक्चर संपली."

पुढे कापसाने दगा दिला तशा वराती आखूड झाल्या. सामूहिक विवाह आले. मांडवभर नवरदेवांना एकच बँड. मास्तर खूश. "आता एकेकाच्या वाट्याले अर्धंच गाणं येते, सर. आपलं बरोबर निघालं."

गेल्या वर्षी सुनेने तो लघुपट मला फोनवर शोधून दिला. अख्खा. सॅक्सोफोनवाला वरून हळूहळू उतरतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात आणि सगळे मिळून शेवट करतात. आधी माफी मागायची, मग दाखवायचं, असं ठरवून मी मास्तरांकडे गेलो.

मास्तर खाटेवर बसले होते. भिंतीशी हमीदचा ड्रम, त्यावर धुतलेली चादर. काही वर्षांपूर्वी धामणगावच्या वरातीत वाजवता वाजवता हमीद खाली बसला, तो उठलाच नव्हता.

"मास्तर, त्या पिक्चरबद्दल बोलायचं होतं."

"मले बी बोलायचं होतं," ते म्हणाले. "हमीद गेला तवा लोकं म्हणे, बिचारा अधुरा गेला. मी म्हटलं, अधुरा काहून? आमी दोघायनं पायलं हाये. चांगल्या वाजवणाऱ्याचं तिथंच संपते. तुमी दाखवलं नसतं तं मी पागल झालो असतो, सर."

फोन माझ्या खिशातच राहिला.

त्यांनी आत चहाची हाक दिली, क्लॅरिनेट उचललं, वाजवलं, आणि नेहमीच्या जागी थांबून पुसायला घेतलं. "बोला सर. काय म्हणत होते?"

'मास्तर, मला माफ' इथवर ओठांवर आलं होतं.

"माझ्या चहात साखर कमी सांगा," मी म्हणालो.